बोलवणारी मॅडम

माझ्या कामाला गोंदियात अजून धड नाव नाही. दारावरच्या पाटीवर 'स्पीच थेरपिस्ट' असं लिहिलंय, पण ते वाचून एकदा एक गृहस्थ निवडणुकीचं भाषण कसं ठोकायचं ते शिकायला आले होते. मेंदूला मार लागून किंवा लकवा मारून ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं आणि गिळायलाही शिकवायचं, हे माझं काम. गिळायचं म्हटलं की माणसं हसतात. "गिळाले बी शिकवा लागते का मॅडम?" लागतं. ज्याच्या घशाने साथ सोडली त्याला विचारा. खेड्यावरून येणाऱ्या लोकांनी मात्र पाटीची वाट न बघता माझं नाव ठेवून टाकलं: बोलवणारी मॅडम. मला ते पाटीपेक्षा आवडतं, आणि ते नाव टिकवण्याची अक्कल मला ज्या काकांनी दिली त्यांच्याबद्दल हे लिहायचं आहे.

मी गोंदियाचीच. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेतल्या निम्म्या मैत्रिणींच्या घरी पोवारी. त्यामुळे या जिल्ह्यातली सगळी भाषा आपल्या खिशात आहे अशी माझी समजूत होती. नागपूरला शिकून परत आले तेव्हा वर्गातल्या बाकीच्या मुली पुण्याला नाहीतर बंगलोरला निघाल्या होत्या. मी इथे आले याचा मला थोडा गर्वच होता, खोटं कशाला बोलू. त्यात माझा स्वभाव तापट. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मला उत्तर सुचतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई म्हणायची. आणि अशी मुलगी लोकांच्या जिभेवर काम करायला निघाली, याचं तिला फार हसू यायचं.

काका आले तेव्हा मला या कामात जेमतेम दीड वर्ष झालं होतं. साठीच्या आसपासचे, सडक अर्जुनीकडच्या एका गावचे, जन्मभर वनखात्यात मजुरी केलेले. हायवे ओलांडताना मोटरसायकलची धडक बसली आणि डोक्याच्या डाव्या बाजूला मार लागला. नागपूरला ऑपरेशन होऊन ते आमच्या छोट्याशा केंद्रात आले, ते नाकात नळी आणि उजवी बाजू लुळी अशा अवस्थेत. खाणंपिणं सगळं नळीतून. तोंडाने एक थेंबही द्यायचा नाही, कारण घशातून तो श्वासनळीत उतरला असता. सोबत त्यांची मुलगी होती. ती गावात अंगणवाडी चालवायची, पस्तिशीची, लग्न न केलेली. आई वारलेली, भाऊ रायपूरला कारखान्यात. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याचं म्हणणं सरळ होतं: बाबाला काही समजत असेल तर घरी ठेवू, समजतच नसेल तर नागपूरला अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळतात तिथे ठेवू, बहिणीने एकटीने कुठवर ओढायचं? समजतं की नाही, हे कोण सांगणार? मी. महिन्याभरात माझा रिपोर्ट द्यायचा होता.

मुलीला बाबा घरी हवे होते. हे तिने मला शब्दांनी कधीच सांगितलं नाही. ती फक्त रोज सकाळी मी आले की स्टूल पुसून माझ्यासमोर ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

काका एकच शब्द बोलत. जीभ जड, आवाज घशातला, पण मला स्पष्ट ऐकू यायचं: "ये रे... ये रे..." दिवसभर तेच. मी चित्रांचे पत्ते दाखवायची. छत्री: ये रे. घोडा: ये रे. पाण्याने भरलेला पेला: ये रे. मी कागदावर एकेक फुली मारत गेले. मेंदूला असा मार लागला की काही जणांच्या तोंडात एकच शब्द अडकून बसतो आणि काहीही विचारलं तरी तोच बाहेर पडतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते प्रत्यक्ष बघायला मिळालं म्हणून मला आत कुठेतरी आनंदही झाला होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मुलीला मी समजावून सांगितलं. "ते कुणाला तरी बोलावताहेत असं आपल्याला वाटतं. पण कुणाला, हे त्यांनाही कळत नाही. तो शब्द नुसता अडकलाय." ती मान हलवायची आणि तरीही प्रत्येक वेळी वाकून म्हणायची, "आली न बाबा, इथंच आहो मी." काका तोंड फिरवायचे, डाव्या हाताने नाकातली नळी उपसायचे. दोनदा त्यांनी ती काढून फेकली. तिसऱ्यांदा फेकू नये म्हणून हात पलंगाच्या दांडीला बांधायचं ठरलं. सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "बांधा. त्यांना कळत नाहीये." मऊ कापडी पट्टी होती, पण बांधणं ते बांधणंच. त्या दिवसापासून मुलीने बाबांशी बोलणं कमी केलं. मीच तिला शिकवलं होतं की बोलून उपयोग नाही.

सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. शुक्रवारी मी तो लिहूनही ठेवला. 'समज' या शब्दापुढे लिहिलं: नाही.

शनिवारी दुपारी काकांची थोरली बहीण आली. सालेकसाकडच्या जंगलालगतच्या गावात राहायची. धान कापून, मळून झाल्याशिवाय तिला निघता आलं नव्हतं. ठेंगणी, काटक, हातावर गोंदण, कमरेला पिशवी खोचलेली. खोलीत आली, भावाचा हात बघितला आणि थेट माझ्यावरच आली.

"कायले बांधलं याले? चोर हाये का हा?"

मी माझ्या शिकलेल्या आवाजात सांगायला लागले की आत्या, त्यांच्या मेंदूला मार लागलाय, त्यांना काही समजत नाही. माझं चालूच होतं तेवढ्यात काका तिच्याकडे बघून म्हणाले, "येर."

म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं, की तसं मला आजवर कुठल्या परीक्षकानेही बघितलेलं नाही.

"तहानला हाये तो. पानी मागून राहिला न वो बाई, तुले समजत नाई का?"

"ते ये रे म्हणताहेत," मी म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"ये रे नाई. येर. आमच्या गोंडीत पान्याले येर म्हन्तेत."

मग मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. "मॅडम, मले मालूम होतं," ती म्हणाली. "आत्या आली का दोघं आंगनात बसून गोंडीत बोलत. आमच्यासंगं बाबा मराठीच बोले. पन येर म्हंजे पानी, येवढं तं मालूम होतं. तुम्ही म्हनलं ये रे म्हनते, मंग मले बी तसंच ऐकू आलं."

ही चूक कुणाची, हे सांगायला मला वेगळा पंच नको होता. मी पट्टीची गाठ सोडायला घेतली. ओढून ओढून ती इतकी आवळली होती की माझी नखं दुखली. हात सुटल्यावर काकांनी तो नळीकडे नेला नाही. बहिणीच्या डोक्यावर ठेवला.

डॉक्टरांना फोन करून मी परवानगी घेतली आणि गिळण्याची चाचणी केली. पातळ पाणी चटकन चुकीच्या वाटेने जातं, म्हणून त्यात पावडर घालून ते खळीसारखं दाट करतात. काकांना उशा लावून ताठ बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि अर्धा चमचा जिभेवर ठेवला. माझी दोन बोटं त्यांच्या कंठमण्यावर होती. तो वर उचलला गेला, खाली आला. खोकला नाही. मी थांबले. आवाज ओला, म्हणजे घशात पाणी साचल्यासारखा, झाला का ते ऐकलं. नव्हता झाला. पाऊण महिन्यानंतर त्या माणसाच्या तोंडात पाणी गेलं होतं, आणि ते पाणी त्याने रोज माझ्याकडे मागितलं होतं.

मग मी आत्याला म्हटलं, मी सांगते ते त्यांना गोंडीत विचारा. डोळे मिटा. मिटले. हात वर करा. केला. मुलगी कुठे आहे? बोट बरोबर तिच्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं. शेवटी काकांनी आपण होऊन माझ्याकडे बोट केलं आणि तुटकतुटक काहीतरी म्हणाले. आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय म्हणाले?"

"थे मी नाई सांगत बाई तुले," ती म्हणाली, आणि आजतागायत तिने सांगितलेलं नाही.

मी 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: आधीची चूक रुग्णाची नसून तपासणाऱ्याची होती. असलं काही रिपोर्टात लिहीत नाहीत. मी लिहिलं. रायपूरच्या भावाने ते फोनवर वाचून घेतलं आणि बराच वेळ नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला. काका घरी गेले.

त्यानंतर वर्षभर मी पंधरा दिवसांतून एकदा एसटीने त्यांच्या गावी जायची. आत्या दोन महिने मुक्कामाला राहिली. माझे छत्री-घोड्याचे पत्ते आम्ही बाजूला ठेवले आणि मुलीने अंगणवाडीच्या खडूंनी नवे काढले: मोहाचं झाड, सूप, कोंबडी, बैलबंडी, धानाची बांधी म्हणजे खाचर. आत्या शब्द सांगायची, काका म्हणायचे, मुलगी वहीत लिहायची. गोंडी शब्द आधी आले आणि मग त्यांचा हात धरून मराठी शब्दही येऊ लागले. मुलीने एकदा आत्याला विचारलं, बाबाने आमाले हे काऊन नाई शिकवलं? आत्या म्हणाली, आश्रमशाळेत पोरं त्याच्या बोलीले हसत. आपल्या लेकरांले कोनी हसू नाई म्हनून त्यानं ते घरातच आनलं नाई. मुलगी उठून चुलीकडे गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि वही पुन्हा उघडून बसली.

आज माझ्याकडे कुणी नवा रुग्ण घेऊन आला की मी पहिला प्रश्न विचारते, "घरी भांडता कोणत्या भाषेत?" मातृभाषा कोणती विचारलं तर लोक फॉर्मवरचं उत्तर देतात. भांडण विचारलं की खरं ते बाहेर पडतं. छत्तीसगडी, पोवारी, गोंडी, नाहीतर "म्हातारी गोंडीत, मी हिंदीत." मग त्या घरातलं ती भाषा बोलणारं माणूस मी आधी बोलावून घेते आणि त्याच्याशेजारी गप्प बसते. गप्प बसणं मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते मला एका बांधलेल्या माणसाने शिकवलं. ज्या कामाच्या जोरावर मी आज ताठ मानेने उभी आहे त्याचा अर्धा भाग त्यांचा आहे, आणि उरलेल्यातला बराचसा त्या म्हातारीचा.

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा काका काठी टेकत अंगणात फिरत होते. वाक्यं आखूड, पण त्यांची स्वतःची. जाताजाता मी स्मरणशक्तीची छोटी चाचणी घेतली. तीन शब्द सांगायचे, 'भुलू नका', म्हणजे विसरू नका, असं बजावायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि पाच मिनिटांनी विचारायचे. विळा, तलाव, हळद. काकांनी तिन्ही सांगितले, क्रमानेही बरोबर. मी कागद मिटला. मनात वर्षभर जे ठसठसत होतं ते तेव्हा कुठे तोंडातून बाहेर आलं.

"काका, तुमचा हात बांधायला मीच सांगितलं होतं. मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. दारात उभी असलेली त्यांची मुलगी काहीतरी बोलणार होती, तर हाताने तिला थांबवलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. मी यावेळी मधे बोलले नाही.

"भुललो मी," ते म्हणाले.

मी कागद पिशवीत ठेवला आणि त्यांच्या पाया पडताना रडले.