गाडीतली टकटक

आमचे हे एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी रत्नागिरीहून सुटणाऱ्या गाड्या चालवल्या. त्या गाडीत ड्रायव्हर आणि कंडक्टर बोलत नाहीत. मागून दोरी ओढली जाते. एक घंटी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. जगात भांडणं होतात ती लोक याच्याहून जास्त बोलतात म्हणून, असं ह्यांचं ठाम मत. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, मला ते पटणं शक्य नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वापरलेली छोटी गाडी घेतली. तिच्या चाकावर मी हात ठेवायचा प्रश्नच नव्हता. "अगो, तू शेजारी बस आणि देवाचं नाव घे," एवढाच माझा हुद्दा. मग दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने थोडा परत आला. हात आला नाही, आणि जीभ जड झाली ती झालीच. डोकं शाबूत, कान तिखट, पण शब्द बाहेर पडताना भिजलेल्या पोह्यांसारखे एकमेकांना चिकटून येत. एकदा दारात आलेल्या माणसाने त्यांना तीनदा "काय? काय म्हणालात?" विचारलं. त्या दिवसापासून ह्यांनी बोलणंच सोडलं. सुंभ जळला तरी पीळ कुठे जळतो. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचा सराव करा. सराव मी करत होते, ते ऐकत होते.

गाडी शिकले ती अशी, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आठवड्यातून दोनदा व्यायामाला शहरात न्यायचं, आणि आमचं घर सड्यावर, उंच कातळावर, जिथे रिक्षावाला यायलाच कुरकुरतो. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने मला लायसन्स मिळवून दिलं. चालवायला शिकवलं ते ह्यांनी, एक अक्षरही न बोलता. डाव्या सीटवर बसून ते उजव्या हाताच्या अंगठीने समोर टकटक करायचे. गाडीच्या मधोमध जुना म्युझिक प्लेअर होता, कधीचा बंद पडलेला. त्याच्या पुढच्या पट्टीवर अंगठी आपटली की स्वच्छ आवाज यायचा. एक टक, थांब. दोन टक, चल. वळायचं असेल तर बोट त्या बाजूला. बाकी काही नाही.

मी सुरुवातीला चिडायचे. म्हटलं, मी काय तुमची बस आहे? पण सड्यावरून खाली उतरताना, दगडी गडग्याआडून गुरं यायच्या आधी त्यांची एक टक यायची. त्यांना कसं कळायचं देव जाणे. मला पुढचं वळण दिसायच्या आधी ते त्यांच्या बोटात आलेलं असायचं. दोन महिन्यांत माझा पाय त्या आवाजावर आपोआप ब्रेककडे जाऊ लागला.

मग ती टकटक घरात आली. मला कळलंही नाही कधी आली ते. जेवताना मी भाताचा डाव घेऊन उभी असले की ताटाच्या काठावर दोन टक, म्हणजे वाढ. एक टक, बस. खुर्चीच्या हातावर दोन टक म्हणजे चला, फिरून येऊ. मी तासभर कोणाबद्दल तक्रार करत असले की एक टक, म्हणजे आता पुरे. मी शाळेत आयुष्यभर पोरांना बोलतं केलं आणि म्हातारपणी घंटीवर चालायला शिकले. खरं सांगायचं तर बत्तीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं बरं कधी जमलं नव्हतं.

गाडीत नवी स्क्रीन बसवायची कल्पना पुण्याच्या लेकीची. तिथे बसून ती उंटावरून शेळ्या हाकत असते, पण या वेळी तिला एकटीला दोष देणार नाही. गोळ्यांमुळे ह्यांना गाडीत डुलकी लागायची, आणि अशाच एका डुलकीत मी वाट चुकून भलत्याच वाडीच्या अंगणात गाडी घातली होती. शिवाय माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एका बाईंच्या गाडीत तशी स्क्रीन होती. नकाशा दिसतो, वाट सांगते, मागे घेताना मागचं दिसतं, फोन आला तर गाडीच बोलते. मला ती हवी होती. लेकीने विचारलं, बाबांना सांगितलंस का? मी म्हटलं, त्यांना काय सांगायचं, त्यांच्यासाठीच तर आहे. साधा टायर बदलायचा तरी मी त्यांना विचारायचे, हे मात्र नाही विचारलं.

दुकानात त्यांच्यासाठी स्टूल मागवलं. स्क्रीन बसवणारा पन्नाशीचा, हाताने सफाईदार माणूस. त्याने डॅशबोर्डच्या पट्ट्या उचकटल्या, जुना प्लेअर ओढून काढला, मागच्या वायरींचा जुडगा कापला. नवी स्क्रीन मोठी, म्हणून आतली खाच करवतीच्या पात्याने रुंद केली. ह्यांचं सगळ्यावर बारीक लक्ष होतं. वायर कापताना त्यांनी स्टुलावर बोट एकदा आपटलं. मी ते ऐकलं. मला वाटलं, त्यांना घरी जायचंय.

"झालंच हो, पाच मिनिटं," मी म्हणाले.

स्क्रीन उजळली. आमचा रस्ता, आमचं घर, सगळं निळ्या-हिरव्या रेघांत उमटलं. आतून एक बाई शुद्ध मराठीत बोलली, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. बसवणारा हसला. "काकू, आता वाट इचारायचा इषयच संपला. ही सांगंल तुमाला सगळा. काकांनी आता निवांत झोपायचा."

मीही हसले. ह्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्या माणसाच्या हातातल्या जुन्या प्लेअरकडे. तो टाकायचा का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, टाका.

परत येताना बाजारपेठ ओलांडली आणि उतारावर एक ट्रक उभा होता. मला दिसत होता, पण त्याच्या पुढून एक म्हातारी रस्त्यात उतरत होती ती दिसली नव्हती. ह्यांना दिसली. त्यांची अंगठी सवयीच्या जागी आपटली. एक टक. पण तिथे आता पट्टी नव्हती, काच होती. नकाशा गेला, कसलंसं गाणं मोठ्याने सुरू झालं, मी दचकले, पाय ब्रेकवर जाण्याआधी डोळे स्क्रीनवर गेले. गाडी म्हातारीच्या वीतभर अलीकडे थांबली. तिने वळून मला दोन शिव्या घातल्या, त्या योग्यच होत्या.

गाणं कसं बंद करायचं ते कळत नव्हतं. आणि मी ह्यांच्यावर ओरडले. "हात लावू नका हो तिथे. किती वेळा सांगायचं? आता गरज आहे का त्याची?"

एकदाही सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षं शिकवण्याची सवय, पोराला रागावताना तोंडातून आपोआप "किती वेळा सांगायचं" येतं. त्यांनी हात मागे घेतला. उजवा हात डाव्या निकामी हातावर ठेवला आणि समोर बघत राहिले. घरी पोचेपर्यंत ती बाई एकटीच बोलत होती.

त्या रात्री जेवताना मी भात वाढला. टक आली नाही. मी थांबले. म्हटलं, वाढू? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली नाही, काही नाही. मी आणखी वाढला. तो त्यांनी खाल्ला. पुन्हा वाढला, तोही खाल्ला. मग मला भीती वाटली आणि मी डाव खाली ठेवला. तेव्हापासून आजपर्यंत मी जेवढं वाढते तेवढं ते जेवतात. त्यांचं पोट भरलं की नाही हे मला माहीत नाही. नवऱ्याचं पोट भरलंय का हे कळू नये यापरती लाज नाही.

मी काय काय केलं ते सांगते. दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. आयुष्यात त्यांची माफी मी दोनदा मागितली असेल, त्यातली ही एक. ते हसले. चांगलं हसले, रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाचं मला कळतं. मग मी स्क्रीनच्या खाली लाकडाची छोटी पट्टी चिकटवली, त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवला आणि म्हटलं, इथे वाजवा, इथे काही होत नाही. हात मी ठेवला तेवढा वेळ राहिला, सोडल्यावर मांडीवर गेला. मग दुकान गाठलं.

"जुना परत बसवायचा?" तो माणूस खरोखर ओशाळला. "नाय जमायचा काकू. खाच मोठी झाली, वायरी कापल्या. आनि तो डबा भंगारात गेला. मी असा करतो, स्क्रीनला लॉक टाकून देतो. मग काका कितीबी वाजवूं देत, काय उघडायचा नाय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत. पण तो बिचारा दुसरं काय करणार. लॉक टाकून घेतला. बाजूचं एक बटण तेवढं चालू ठेवलं, स्क्रीन चालू-बंद करायचं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू फार विचार करतेस. बाबांना आता आराम मिळतोय." व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, हाताची ताकद आहे तशीच आहे. हाताला काही झालेलं नाही, हे मलाही माहीत होतं.

महिनाभराने अंजनवेलला गेलो, नणंदेकडे. ह्यांची धाकटी बहीण, भावावर जीव. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवायची, खाडी ओलांडायची आणि पुढे गुहागरवरून जायचं. मी एकटीने तेवढी गाडी चालवली, बोटीत उलटी चढवली. वर्षापूर्वी मला याचा केवढा अभिमान वाटला असता. नणंदेने जेवायला वाढलं, आमटी वाढताना ती पातेलं धरून थांबली. तिला आमची घंटी माहीत होती, मागच्या खेपेला ती बघून पोट धरून हसली होती. ती थांबलीच. मग माझ्याकडे पाहिलं.

"वैनी, दादा वाजवीत का नाय गो?"

मी म्हटलं, हल्ली कंटाळा करतात. बहिणीसमोर बसून ते आमटी ओरपत होते आणि मी तोंडावर खोटं बोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. खाणाखुणांनीही त्यांनी मला खोटं पाडलं नाही, याचं मला जास्त लागलं.

दुपारच्या बोटीने परत निघालो. जयगड सोडल्यावर मी ठरवलं आणि स्क्रीन बंद केली. बाई गप्प झाली. गाडीत इतकी शांतता महिनाभरात पहिल्यांदाच. पुढे एक फाटा येतो. सरळ गेलं तर मालगुंड, गणपतीपुळे, मग समुद्राच्या कडेने रत्नागिरी. डावीकडे वळलं तर आतून, चाफे गावावरून. दोन्ही रस्ते घरी येतात. नोकरीत त्यांची गाडी बहुतेकदा आतूनच जायची, म्हणून स्वतःची गाडी घेतल्यावर ते हट्टाने समुद्राच्या रस्त्याने यायचे. सुरूच्या बनापाशी थांबून काच खाली करायचे आणि पाच मिनिटं नुसते बसायचे. ती हौस मला ठाऊक होती. पण मला ते त्यांच्याकडून हवं होतं.

फाट्याच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. "कुठून जायचं? तुम्ही म्हणाल तिथून जाऊ. मला घाई नाही."

त्यांनी समोर पाहिलं. दोन्ही रस्त्यांकडे पाहिलं, नीट, ड्रायव्हर पाहतो तसं. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मी बसून राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते दाबून धरलं होतं, कारण मला रडताना बघून त्यांनी हात हलवावा असं मला नको होतं. मी वाट बघत होते. एक टक, दोन टक, नुसतं बोट, काहीही.

त्यांचा हात मांडीवरून उठला. हात हळूहळू पुढे आला, स्क्रीनच्या काचेपासून थोडा दूर थांबला, मग काचेला स्पर्श होणार नाही अशा बेताने बाजूला सरकला आणि त्यांनी एका बोटाने ते बटण दाबलं. नकाशा उजळला. बरोबर केलं ना, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर ठेवला.

दोनशे मीटरवर डावीकडे वळा, बाई म्हणाली.

मी हँडब्रेक सोडला आणि डावीकडे वळले.