सातची गाडी

रोज सकाळी सात वाजले की माझ्या फोनवर मिलिंदचा मेसेज यायचा. ‘गाडी सुटली. मागं जागा हाय.’ पाऊस असो, परीक्षा असो, कुणाचं लग्न असो, शब्द तेच. त्याखाली आम्ही तिघं एकेक करून लिहायचो, ‘रुमाल टाक.’ कॉलेज संपलं, आम्ही पांगलो, त्या गाडीशी आमचा काडीचा संबंध उरला नाही, तरी हे चालूच राहिलं. लग्नानंतर माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, “हा रोज गाडी सोडणारा कोण? ड्रायव्हर आहे का?” मी म्हटलं, “नाही, गणिताचा मास्तर आहे.” त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

निपाणीहून बेळगावला सकाळी सातला एक बस निघते. आम्ही चौघं तिने कॉलेजला जायचो. मिलिंद निपाणीचाच. सदलग्याची रेश्मा आधी दुसऱ्या गाडीने निपाणीला यायची आणि धापा टाकत ही पकडायची. मी संकेश्वरला चढायचे आणि बसवराज, म्हणजे आमचा बसू, हत्तरगीला. आमच्या गावापर्यंत येईतो त्या गाडीत मुंगी शिरायला वाव नसे. तेव्हा मिलिंदने जागा धरायचं काम आपणहून अंगावर घेतलं. एका सीटवर रुमाल, दुसरीवर जेवणाचा डबा, तिसरीवर गणिताचं जाडजूड पुस्तक. ग्रुप निघाला तोही त्यासाठीच, आणि नाव पडलं ‘सातची गाडी’. ज्याला यायचंय त्याने ‘रुमाल टाक’ असं लिहायचं. नाही लिहिलं तर जागा गेली, मग तक्रार चालत नसे.

मिलिंद उंचीने बेताचा, केस दाट आणि कायम उभे, आवाज मात्र स्टँडभर ऐकू जाईल असा. रेश्माला उशीर झाला की तो दारात एक पाय ठेवून ड्रायव्हरला “एरडु निमिष, अण्णा, एरडु निमिष” म्हणत राहायचा आणि त्याची ती दोन मिनिटं चांगली लांबायची. एकदा एका धोतरवाल्या गृहस्थांनी माझ्या सीटवरचा रुमाल उचलून विचारलं, “रुमालाला तिकीट हाय काय रं?” मिलिंद म्हणाला, “रुमालाला न्हाय, आप्पा. रुमालाच्या मालकिणीचा पास हाय. संकेश्वरात चढतीय.” गृहस्थ काही हलेनात. मग याने स्वतःची जागा त्यांना दिली आणि बेळगावपर्यंत उभा राहिला. माझी जागा मात्र सोडली नाही. आणखी एकदा मी चढले तर माझ्या जागेवर एक दिवस भरत आलेली बाई बसलेली. मिलिंद म्हणाला, “तुझी जागा दिली गं. राग आला तर येऊ दे, पर उभ्यानंच राग धर.” मी खरंच काकतीपर्यंत रागात होते.

ग्रुप जागांसाठी निघाला होता, पण हळूहळू त्यावर सगळंच येऊ लागलं. कुणाची हजेरी कमी पडली, प्रॅक्टिकलचं जर्नल कुणाकडे आहे, कँटीनच्या सांबारात आज काय सापडलं. मिलिंदचे काही नियम होते. गुड मॉर्निंगची फुलं पाठवायची नाहीत. रेश्माने एकदा गुलाब पाठवला तर त्याने लिहिलं, ‘फुलं कुणाला घालत्यात, ठावं हाय न्हवं? मी अजून उठून बसतोय.’ बसू कन्नड घरातला, रेश्मा कट्टर मराठी घरातली. दर वर्षी सीमेचं वारं तापलं की दोघांची ग्रुपवर जुंपायची. मिलिंद मध्ये यायचा तो एकच वाक्य घेऊन. ‘जागा मिळस्तवर सगळे एक ऱ्हावा. जागा मिळाली की मग भांडा.’ यावर दोघंही गप्प बसत, कारण दुसऱ्या दिवशी दोघांनाही जागा हवीच असे.

त्याच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या होत्या. बोटांना तंबाखूचा वास बसला तो गेलाच नाही, असं त्या स्वतःच हसत सांगत. मिलिंद त्यांच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीनंतर बी.एड. करून तो बेळगावच्या एका खासगी शाळेत लागला, पण राहायला निपाणी सोडली नाही. बसू बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत गेला, रेश्मा पुण्याला, मी बेळगावातच एका वकिलांच्या हाताखाली. म्हणजे गाडीत उरला तो एकटा. तरी सात वाजता मेसेज यायचाच. बसू बेंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असे, तिथून लिहायचा, ‘रुमाल टाक.’

आता बोलणी बदलली होती. बसूचा मॅनेजर, रेश्माची घरमालकीण, माझे वकीलसाहेब, जे मला चार वर्षांनीही ‘ते नवीन पोरगं’ म्हणायचे. एका संध्याकाळी रेश्माने एकामागून एक लांबलचक मेसेज टाकले. ऑफिसात सगळ्यांसमोर अपमान झालाय, उद्या राजीनामा देतेय, आयुष्यात काही अर्थ नाही. बसूने समजुतीचे चार परिच्छेद लिहिले, मी कायद्याची कलमं सांगितली. मिलिंदने विचारलं, ‘जेवलीस का?’ ती म्हणाली, नाही. ‘मग आधी जेव. उपाशी पोटी लिहिलेला राजीनामा वाईट असतोय.’ ती जेवली, झोपली आणि सकाळी राजीनामा दिलाच. पण जेवून दिला, आणि ते ती आजही सांगते.

त्याला कुणी विचारलं की तुझं काय चाललंय, तर उत्तर ठरलेलं, ‘गाडीत हाय.’ पूर्वी शनिवारी शाळा लवकर सुटली की आम्ही दोघं बेळगावच्या खडेबाजारात चहाला भेटायचो. नंतर भेटी कमी झाल्या. पेपर तपासायचेत, शाळेत कार्यक्रम आहे, असं काहीतरी निघायचं. मास्तर लोकांना कामं असतात, असं म्हणून मी सोडून दिलं. रोज सकाळी गाडी सुटत होती, मग माणूस ठीक आहे असंच कुणालाही वाटणार.

मग सीमेवर पुन्हा तणाव झाला. कुठेतरी बसवर दगड पडला आणि आदल्या संध्याकाळपासून निपाणीच्या सगळ्या गाड्या बंद झाल्या. सकाळी मी घरात टीव्हीवर निपाणीचं रिकामं स्टँड बघत होते. बरोबर सातला फोन वाजला. ‘गाडी सुटली. मागं जागा हाय.’ बेंगळूरहून बसूने सवयीने लिहिलं, ‘रुमाल टाक.’ रेश्मानेही लिहिलं. त्यांना इकडची बातमी अजून लागली नव्हती.

मी मिलिंदला वेगळा मेसेज केला. ‘आज कुठली गाडी सुटली रे?’

त्याने तो वाचलेला दिसला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘चुकलं.’ आणि त्याखाली, ‘गाड्या चालू झाल्या की घरी येऊन जा. फोनवर न्हाय सांगत.’

दोन दिवसांनी मी गेले. दार आईंनी उघडलं. त्यांनी माझा हात धरला आणि आतल्या खोलीपर्यंत सोडला नाही. मिलिंद कॉटवर भिंतीला टेकून बसला होता. डोक्याला लोकरीची टोपी, टोपीखाली केस नव्हते. मनगटं इतकी बारीक झाली होती की घड्याळ त्याने कोपराकडे सरकवून घातलं होतं. रक्ताचं दुखणं होतं. कोल्हापूरला उपचार चालले होते. शाळेतली नोकरी सुटून कित्येक महिने झाले होते.

“बस की,” तो म्हणाला. “जागा हाय.”

मला रडू आलं आणि रागही आला. म्हटलं, “आणि रोज गाडीत आहे म्हणून सांगत होतास?”

“गाडीत हाय म्हणायचं कवाच सोडलं मी, मागं जाऊन बघ. निस्तं ‘गाडी सुटली’ म्हणतोय. सातला सुटतीयच की ती. मी न्हाय म्हणून थांबती व्हय?” मग जरा दमून म्हणाला, “त्या दिवशी औषधाच्या गुंगीत होतो. गाड्या बंद हायत हे कुणी सांगितलंच न्हाय. न्हायतर सापडलो नसतो.”

मी म्हटलं, बसूला आणि रेश्माला सांगायलाच हवं. त्याने नकारार्थी मान हलवली. “ग्रुपवर एकदा दुखणं आलं की सगळे पाव्हणे होत्यात गं. पाव्हणा बोलत न्हाय, चौकशी करतोय. मग बसू मॅनेजरला शिव्या घालायचा न्हाय. रेश्मा जेवणाचं रडायची न्हाय. मिलिंदपुढं कसं बोलायचं म्हणून सगळे गप. दिवसभर या भिंतीकडं बघत असतोय मी. मला तुमची ती रडगाणीच पायजेत.”

“पण त्यांना तुला भेटायचं असेल.”

“इथं भेटायला लई येत्यात. केळी आणत्यात, टोपीकडं बघत्यात आणि जात्यात. तुमच्यात मी आजारी न्हाय. तेवढी एक जागा ठिवा मला.”

त्याने कधी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागा धरणारा माणूस एक जागा मागत होता, आणि ती धरणं माझ्या हातात होतं. मी हो म्हटलं. आईंनी चहा आणला आणि आम्ही तिघांनी माझ्या वकीलसाहेबांची यथेच्छ निंदा केली. तो खोकत खोकत हसला.

हो म्हणणं सोपं होतं, पाळणं अवघड. बसू पगार वाढला नाही म्हणून तासभर रडायचा आणि मला वाटायचं, फोनमधून हात घालून याला गदागदा हलवावं. एकदा रेश्माने लिहिलं की पुण्याच्या पाण्याने तिचे केस मूठमूठ गळतायत, आता टक्कलच पडणार. मिलिंदचं उत्तर लगेच आलं. ‘खोबऱ्याचं तेल लाव आणि रडत बस. एकाचवेळी दोन्ही जमतंय.’ मी कोर्टाच्या आवारात डोळे पुसत उभी होते. शेजारच्या पक्षकाराने मला विचारलं, “मॅडम, केस हरला काय?”

पण मी पाहिलं की तो प्रत्येक रडगाण्याला उत्तर देतो. बसूच्या मॅनेजरला त्याने नवीन नाव ठेवलं. माझ्या वकीलसाहेबांसाठी तर रोज एक. मीही मग हात आखडता घेतला नाही. घरातलं, सासरचं, ऑफिसातलं, जे काही कुरकुरण्यासारखं असेल ते आणून ग्रुपवर टाकू लागले. नवरा म्हणाला, अलीकडे तू फार तक्रारी करतेस. मी म्हटलं, हो, हल्ली लागतात. निपाणीला जाऊन आले की मात्र नवऱ्याला सगळं सांगत असे.

एका गुरुवारी सकाळी फक्त दोनच शब्द आले. ‘गाडी सुटली.’ मागं जागा असल्याचं काही नव्हतं. आम्ही तिघांनी नेहमीसारखं लिहिलं. दुपारी आईंच्या शेजारणीचा मला फोन आला.

ग्रुपवर ते लिहायला माझा हात धजावला नाही. मी दोघांना फोन केला. रेश्माने पुन्हा पुन्हा विचारलं, “आपला मिलिंद?” बसू मिळेल त्या विमानाने निघाला, पण पोहोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्रिशरण म्हणून घरी परतत होती. बसू गल्लीच्या तोंडाशी माझ्यासमोर उभा राहिला.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मी पगाराचं रडत होतो, स्नेहल. त्याच्यापुढं. आणि तू मला रडू दिलंस?”

मी त्याला मिलिंदचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. पाव्हण्यांचं, टोपीचं, त्या एका जागेचं. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली. आत जाऊन आईंच्या पायाशी बसला. आई त्याला म्हणाल्या, “तूच व्हय बसू? तुझा म्यानेजर लई वाईट हाय म्हणं. वाचून दावायचा मला. हसायचा बघ पोटभर.” तेव्हा कुठे बसू रडला. त्या रात्री तो माझा निरोप न घेता बेंगळूरला परत गेला. मला त्याचं वाईट वाटलं, पण दिलेला शब्द मोडायला हवा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सातच्या आधीच उठून बसले. चहा ठेवला होता, तो उकळून उकळून काळा झाला. सात वाजले. फोन शांत होता. निपाणीच्या स्टँडवरून गाडी सुटली असणार. ती कुणासाठी थांबत नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. ग्रुपवर शेवटी आमचीच तीन उत्तरं दिसत होती, त्या गुरुवारची.

सातवर दोन मिनिटं झाली आणि फोन वाजला. बसू होता.

‘रुमाल टाक.’

लगेच खाली रेश्मा. ‘रुमाल टाक.’

मग मीही लिहिलं.