‘मधली सुट्टी’चे चौदा महिने

उत्तरपत्रिका मोजून येतात आणि तपासून झाल्या की परत जातात. किस्स्यांना ही शिस्त नाही. ते न बोलावता येतात, एकावर एक साठत राहतात, आणि निवृत्त शिक्षिकेला वेळच वेळ आहे, हे त्यांना कोण जाणे कसे कळते! माझ्याकडे साठलेले बहुतेक किस्से एका बँडचे आहेत. होय, बँडचेच!

मी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवले. आता सिंगापुरातल्या पुंगोलला मुलाकडे, राहुलकडे, राहते. माझी सून वैशाली ही ‘मधली सुट्टी’ या हार्डकोर पंक बँडची गायिका होती. हार्डकोर पंक म्हणजे अतिशय जलद, अतिशय मोठ्या आवाजातले आणि अतिशय लहान गाणे, असे मी विचारणाऱ्यांना सांगते. सिंगापुरात मराठीतून असे ओरडणारे त्यांच्याआधी कोणी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बँड चौदा महिने जगला, आणि त्यातल्या बऱ्याच काळात आमच्या घरात एकच प्रश्न होता: वैशालीचा गळा टिकेल का?

*

गेल्या रविवारी आमच्या दारात कॉलेजातल्या तीन मुली उभ्या होत्या. एक चिनी, एक मलय, एक तमिळ. हातात संत्र्यांची पिशवी. त्यांनी नवा बँड काढला आहे आणि ‘मधली सुट्टी’चे एक गाणे त्यांना वाजवायचे आहे, त्यासाठी त्या परवानगी मागायला आल्या होत्या.

नेमकी त्या वेळी हुई मिन आमच्याकडे जेवायला आलेली होती. ती या बँडची ड्रम वाजवणारी. वैशालीच्याच प्रयोगशाळेत काम करते, जन्माने आणि जिभेने अस्सल सिंगापूरकर. ती वरणभाताचा घास हातात धरून ओरडली, “पंकलासुद्धा परमिशन लागते, मेह? जस्ट प्ले, लाह!”

मी तिला गप्प केले. परवानगी मागायला येणाऱ्या मुलीला मी आयुष्यात कधी ‘नाही’ म्हटलेले नाही.

त्या तिघींनी गाणे तिथेच, सोफ्यावर बसून, मांड्यांवर ताल धरून म्हणून दाखवले. मराठीचे एक अक्षर न समजता एकही शब्द चुकल्या नाहीत! माझ्या वर्गात असत्या, तर मी त्यांना पहिल्या बाकावर बसवले असते.

*

मला हे प्रकरण कळले, ते असे. वैशाली लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर आला नव्हता. जेवण तयार आहे, हे ती आतल्या खोलीतल्या राहुलला व्हॉट्सॲपवर कळवीत असे! एके दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली, ओढणीचे टोक नीट केले आणि म्हणाली,

“आई, तुम्हाला एक सांगायचं होतं. मी एका बँडमध्ये ओरडते.”

“गातेस, असे म्हण.”

“नाही आई. ओरडते.”

मी चष्मा काढला. “आणि राहुलला हे ठाऊक आहे?”

“तो बेस वाजवतो,” ती म्हणाली.

*

वैशाली, हुई मिन आणि प्रीतम हे तिघे पाया लेबार भागातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधक, आणि राहुलचे ऑफिस शेजारच्याच इमारतीत. प्रीतम हा गिटार वाजवणारा, अमरावतीचा मुलगा, ठरावीक मुदतीच्या करारावर आलेला. चौघेही सरावाला जेवणाच्या सुट्टीत जमत. म्हणून बँडचे नाव ‘मधली सुट्टी’. जवळच्या एका इमारतीत तासावर मिळणारा स्टुडिओ होता. पहिली पंधरा मिनिटे डबे खाण्यात जात, शेवटची दहा घाम पुसून पुन्हा ऑफिसला जाण्याजोगे दिसण्यात. गाणी लहान का, याचे खरे कारण हे आहे!

पहिल्यांदा गेले तेव्हा मी भिंतीला टेकून, कानांत कापूस घालून बसले. वैशालीने डोळे मिटले आणि तोंड उघडले. माझ्या घरातली ती मुलगी इतकी मोठी होती, हे मला तोवर माहीत नव्हते. चाळीस सेकंदांनी सारे थांबले.

“प्रारंभ उत्तम आहे,” मी म्हणाले. “पुढे?”

“पुढे काही नाही बाई, संपलं,” प्रीतम म्हणाला. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून तो मला ‘बाई’च म्हणे. “सांगायचं ते सांगून झालं की थांबायचं.”

चौतीस वर्षे निबंधाच्या तासाला मी हेच सांगत होते. ऐकले कोणी, तर गिटारवाल्याने!

*

एप्रिलमध्ये आपल्या मंडळींनी जयंतीचा कार्यक्रम ठेवला होता. भाड्याने घेतलेले सभागृह, समोर पांढऱ्या साड्यांच्या रांगा, वंदना झालेली, दोन भाषणे झालेली. संयोजक कांबळे साहेबांनी बँडला पंधरा मिनिटे दिली होती. ‘काहीतरी प्रेरणादायी’ एवढीच त्यांची अट होती.

बँडने सात गाणी सलग म्हटली. सगळी मिळून सव्वापाच मिनिटे झाली. शेवटचा ठोका पडला आणि सभागृहात पूर्ण शांतता. वैशालीचा चेहरा उतरला. तेवढ्यात कांबळे साहेब उठले आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले,

“माइक एकदम व्यवस्थित चालतोय, बेटा. आता सुरू करा!”

लोक आवाजाची तपासणी संपण्याची वाट पाहत होते!

प्रीतमने वैशालीकडे पाहिले, वैशालीने माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांनी तीच सात गाणी पहिल्यापासून पुन्हा म्हटली, आणि या वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला. “आता कसं जमलं!” कांबळे साहेब मला म्हणाले.

निघताना वुडलँड्सला राहणाऱ्या एक वृद्ध बाई वैशालीजवळ आल्या. त्यांचे वडील तरुणपणी गावोगाव जलशात गात. त्यांनी वैशालीची हनुवटी धरली. “माझे बाबा असेच गायचे गं. काही घरं खिडक्या लावून घ्यायची. बाबा म्हणायचे, खिडकी लावली म्हणजे ऐकू गेलं!”

*

बँडला पाच महिने झाले आणि वैशालीचा आवाज बसला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिले आणि सांगितले, की स्वरतंतूंवर सूज आहे. असेच चालू राहिले तर बोलण्याचा आवाजही कायमचा जाऊ शकतो. राहुल म्हणाला, बँड बंद. वैशाली काही म्हणाली नाही, आणि तिने काही न म्हणणे मला आता पूर्वीसारखे साधे वाटेना.

सूज उतरल्यावर मी तिला विचारले, “ओरडतेस कुठून?”

तिने गळ्याला हात लावला.

“चूक! सत्तर मुलींच्या वर्गात मी दिवसाला सहा तास बोलले. माझा गळा एकदाही बसला नाही. आवाज पोटातून काढायचा.”

फ्लॅटमध्ये हे शिकवणे शक्य नव्हते. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले असते. म्हणून रोज सकाळी आम्ही सासू-सुना पाण्याकाठच्या रस्त्यावर जात असू. मी तिच्या पोटावर हात ठेवी. “समोर सत्तर मुली आहेत असे समज. शेवटच्या बाकावरची बोलते आहे. घसा सैल सोड. हं!”

एके दिवशी मी स्वतः करून दाखवले. “एऽ, तू! काय चालले आहे तिकडे?”

कठड्याशी गळ टाकून बसलेल्या चिनी आजोबांनी गळ ओढून घेतला, टोपी काढली आणि म्हणाले, “सॉरी, टीचर!”

*

हुई मिनच्या आईला वैशालीच्या गळ्याचे कळले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फ्लास्क आला: कसलासा काळा काढा. मी माझा फ्लास्क पाठवला. तिच्या आईने त्याहून मोठा पाठवला. दोन आठवडे ही चढाओढ चालली आणि वैशाली बिचारी दोन्ही काढे पीत राहिली! अखेर हुई मिनने आम्हा दोघींना एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, समोरासमोर बसवले.

आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी पिशवीतून माझी पुडी काढली, त्यांनी त्यांची काढली. उघडून पाहते तो दोन्हींत ज्येष्ठमध!

त्या बराच वेळ हसल्या. मग हुई मिनला काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतात?” मी विचारले.

“आंटी, माय मदर से, ही मुलगी तुमची कोण? मुलगी?”

“सून,” असे सांगायला मी तोंड उघडले. मग म्हणाले, “हो.”

*

तेराव्या महिन्यात प्रीतमचा करार संपत आल्याचे कळले. नवी नोकरी जर्मनीत. रविवारचे विमान, म्हणून शनिवारी दुपारी शेवटचा कार्यक्रम ठरला. पूर्ण अकरा गाणी एका दमात, पैसे नाहीत की प्रमुख पाहुणे नाहीत. आजवर हे त्यांना एकदाही जमले नव्हते. प्रीतम गेल्यावर पुन्हा जमणारही नव्हते.

आणि दोन आठवडे आधी वैशालीला ताप आला, सूज परतली. डॉक्टरांनी फर्मावले: कार्यक्रम करायचाच असेल, तर तोवर एक शब्दही बोलायचा नाही. ती लहान पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलू लागली. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. तरी मला तो फळा नकोसा झाला.

एका दुपारी तिने लिहिले, ‘आई, मध्येच शाळा सोडून गेलेल्या मुली आठवतात?’

न आठवायला काय झाले? दरवर्षी हजेरीपटावरून एखाद-दुसरे नाव मला लाल शाईने कापावे लागे. कोणाचे लग्न ठरे, कोणाची आई आजारी पडे, कोणाच्या घरी धाकटी भावंडे असत. मी नावे सांगत गेले, ती लिहीत गेली. एकोणीस झाली. मला वाटले, बिचारी वेळ घालवते आहे.

*

शनिवारी एका इमारतीच्या वरच्या माळ्यावरच्या छोट्या सभागृहात साठ-सत्तर तरुण दाटीने उभे होते. मी मागच्या भिंतीशी, खुर्चीवर. राहुलने आपला फोन ॲम्प्लिफायरवर टेकवून ठेवला होता. व्हिडिओ कॉलवर वाशीमहून माझ्या विहीणबाई, प्रमिलाताई, लेकीचे गाणे बघत होत्या. एरवी त्या मला ‘ताई’ म्हणतात आणि आमचे बोलणे हवापाण्यापलीकडे सहसा जात नाही.

दहा गाणी झाली. गळा टिकला! अकराव्याच्या आधी प्रीतमने लोकांना इंग्रजीत सांगितले, “ती एकेक नाव पुकारील. तुम्ही सगळ्यांनी ‘हजर’ म्हणायचं. हजर म्हणजे, मी इथे आहे.”

वैशालीने कागद उघडला. “सुनंदा!”

“हजर!”

“मंदा!”

“हजर!”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती माझी यादी होती.

सातव्या नावावर वैशालीचा आवाज फाटला. आठव्याला ओठ हलले, आवाज आला नाही. ड्रम चालूच होते, हुई मिन थांबेना. वैशालीने सभागृहाच्या टोकाला, माझ्याकडे पाहिले.

मी उभी राहिले. मला कागद लागत नाही, आणि माइकही लागत नाही.

“शोभा!”

“हजर!” साठ-सत्तर माना माझ्याकडे वळल्या.

“कुसुम! रुक्साना! बेबी!” मी एकही नाव गाळले नाही, आणि त्या परक्या मुलांनी एकही उत्तर चुकवले नाही. एकोणिसावे नाव झाले. प्रीतमने शेवटचा झंकार काढायला हात उचलला, तो वैशालीने धरला. ती माइकला ओठ लावून उभी राहिली आणि उरलेल्या श्वासावर तिने विसावे नाव घेतले. ते मी सांगितलेले नव्हते.

“प्रमिला.”

विहीणबाईंची शाळा कितवीत सुटली, हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

“हजर!” सारे सभागृह ओरडले. मग ड्रम थांबले.

वाशीमचे नेटवर्क दोन-तीन सेकंद मागे असते. त्या शांततेत ॲम्प्लिफायरवरच्या फोनमध्ये विहीणबाई डोक्यावरचा पदर सारखा करून उभ्या राहिल्या, हाताची घडी घातली, आणि म्हणाल्या,

“हजर, बाई!”