पगारातले दोनशे रुपये

शहाद्याहून मी मोलगीकडच्या एका उपकेंद्रात कंत्राटी नर्स म्हणून गेले, तेव्हा पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापले जायचे. मला त्याची भारी चीड. पुढे एका प्रशिक्षणात कळलं, की हा कर राज्यात रोजगार हमीच्या कामांसाठी म्हणून बसवला होता. झालं, तेव्हापासून मी असा तोरा मिरवायला लागले, जणू सातपुड्यातले सगळे बांध माझ्याच पैशांतून उभे राहत होते. तपासणीला आलेल्या बायकांना सांगायचे, "काम मागायला लाजायचं नाही. माझ्या पगारातून त्याचे पैसे जातात."

त्या बायकांत एक होती, सातवा महिना लागलेली, रक्त फार कमी. तिचं आधीचं मूल गुजरातेत उसाच्या फडात जन्मलं आणि तिथेच गेलं होतं. त्या वर्षी तिला खाली गुजरातेत जायचं नव्हतं. पण ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनेच लागतात, आणि पाड्यावर बंधाऱ्याचं काम निघालं तरच नवरा थांबणार होता. काम मागायचा अर्ज मीच भरून दिला होता. बाजारातून ऊसतोडीचे ट्रक निघायला आठ दिवस उरले, तरी कामाचा पत्ता नव्हता.

रोज सकाळी ती उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसायची. विचारायची काही नाही, नुसती माझ्याकडे बघायची. चौथ्या दिवशी मी वैतागले.

"माझ्याकडे काय बघतेस? काम काढणं माझ्या हातात आहे का?"

"तूच म्हणायची, तुझा पैसा जातो." तिच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना तूच.

"आता नाही जात," मी तिरसटपणे म्हणाले. "कमी पगाराच्या बायकांना सरकारने तो कर माफ केला."

ही बातमी आली तेव्हा आई फोनवर अहिराणीत म्हणाली होती, "बरं झायं, तुन्हं तुले ऱ्हायनं." मी उपकेंद्रात सगळ्यांना जिलबी वाटली होती. कशाची ते न विचारता हिनेही खाल्ली होती.

ती म्हणाली, "मग आमच्या कामाला कोण देईल?"

तिचं काम माझ्या दोनशे रुपयांवाचून अडलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण मग कशावाचून अडलं, हेही मला सांगता येईना. मला स्वतःची लाज वाटली. दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन मी भांडले. "वरून मंजुरी नाही," एवढंच उत्तर मिळालं.

बाजाराच्या दिवशी मी लोहाच्या गोळ्या आणि तिचं तपासणीचं कार्ड घेऊन ट्रकपाशी गेले. ती गोणीवर बसली होती, पोटावर हात ठेवून. तिचे दिवस फडावरच भरणार होते. मी पर्समधून शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि तिच्या मुठीत कोंबल्या. तिने गोळ्या आणि कार्ड ठेवून घेतलं. नोटा परत दिल्या.

"ठेव, सिस्टर. सरकारने तुला सोडलेत ना."

रागाने नाही, अगदी साधेपणाने बोलली. ट्रक घाटाला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते. त्या दोन नोटांतली एक मी परतीच्या जीपवाल्याला भाड्यापोटी दिली.