चिखलातल्या प्राण्याचं बारसं

नागपूरला समुद्र नाही, ही बातमी मला नागपुरात सतत कोणी ना कोणी देत असतं. मला ती लग्नाआधीपासून ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या संशोधन संस्थेतलं काम सोडून मी नागपूरच्या बेसाला सासरी आले, इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवू लागले, तेव्हा माझ्या साड्यांच्या बॅगेपेक्षा बरण्यांची बॅग जड होती. त्यात अरबी समुद्राच्या तळाचा गाळ होता. सासूबाईंना वाटलं, सुनेच्या माहेरचं लोणचं आलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

नागपूर तापायला लागलं की लोक थंड हवेच्या गावी जातात, मी चिखलात जाते. बोटीवरून तळाचा गाळ उचलायचा, बादलीत समुद्राच्या पाण्यात कालवायचा आणि खालून नळीने हवा सोडायची. मला हवे असलेले प्राणी इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांचं अंग भिजत नाही, म्हणून ते बुडबुड्यांना चिकटून वर येतात. मग पाण्यावर साधा कागद टेकवून, साय काढावी तसे ते अलगद उचलायचे. कागद धुऊन जे पाणी मिळतं ते बाटल्यांत भरून मी नागपूरला आणते आणि वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक निवडत बसते. सासूबाईंचं त्यावर ठरलेलं वाक्य आहे.

“काय वं, डाळ निवड म्हणलं तर तुहे डोळे दुखतात, अन् हा चिखल निवडून राहिली ते चालते?”

मी मान न वळवता सुईने पुढचा प्राणी उचलते.

या प्राण्यांना इंग्रजीत ‘चिखलातले ड्रॅगन’ म्हणतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. ड्रॅगन मिलिमीटरच्या निम्म्याएवढाही नसतो. पाय नाहीत, अंगावर काटे, आणि जरा खुट्ट झालं की डोकं अंगात ओढून घेतो. एका पावसाळ्यात मला असा एक सापडला की त्याच्या काट्यांची मांडणी आजवर वर्णन झालेल्या कुठल्याच जातीशी जुळेना. मी सगळी जुनी वर्णनं पुन्हा पुन्हा काढून पाहिली. मग त्याच गाळात आणखी सापडले, माद्या आणि नर दोन्ही. जात नवी होती आणि ती मला सापडली होती. त्या दिवशी मी इतकी खूश होते की घरी जाऊन मुकाट डाळ निवडली.

आमच्या धंद्यात एक निर्दय नियम आहे. प्राणी आधी कोणी पाहिला याला कवडीची किंमत नाही. जो आधी रीतसर वर्णन छापतो त्याने दिलेलं नाव जगभर चालतं, आणि नावामागे त्याचंच आडनाव लागतं. म्हणून मी घाईघाईने लेख लिहिला, चित्रं काढली आणि आमच्या महाविद्यालयाच्या रिवाजाप्रमाणे विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

विभागप्रमुखांचा विषय तलावातली मत्स्यशेती. लेखकांत आपलं नाव असावं ही त्यांची पहिली सूचना, आणि प्राण्यालाही आपलंच नाव द्यावं ही दुसरी. मी म्हटलं, “सर, आपण वर्णन केलेल्या प्राण्याले आपलंच नाव देत नसतात. लोक हसतात. दोन्हीपैकी एक घ्या.” त्यांनी बराच विचार करून लेखकपद घेतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा, पण मी गिळलं, कारण मला लेख पुढे जायला हवा होता. मग त्यागाच्या भरात त्यांनीच सुचवलं की नाव महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचं देऊ.

अध्यक्षांची नागपूरजवळच्या वाडीला गोदामं आहेत. तिथल्या केबिनमध्ये आम्ही प्राण्याचा मोठा केलेला फोटो घेऊन गेलो. त्यांनी तो सुलटा, उलटा, पुन्हा सुलटा धरून पाहिला.

“मॅडम, याचे डोळे कुठं हायेत?”

“डोळे नाहीत सर.”

“पाय?”

“पायही नाहीत.”

“मंग करते काय हा?”

“चिखलात राहते. काही झालं की डोकं आत ओढून घेते.”

अध्यक्षांनी विभागप्रमुखांकडे असं पाहिलं की त्यांनीही डोकं आत ओढून घेतलं. “काहून बा, येत्या निवडणुकीत मले पाडायचं ठरवून राहिले काय तुम्ही? नाव द्यायचंच हाय तर वाघाले द्या ना!”

वाघाला आधीच नाव आहे, हे मी नम्रपणे सांगितलं. नकोही म्हणवेना आणि होही म्हणवेना, म्हणून अध्यक्षांनी उपसमिती नेमली. तिच्यात मराठीचे एक प्राध्यापक, लेखापाल आणि खेळाचे शिक्षक होते. समितीने मला विचारलं की ‘डोळे नसलेला’ऐवजी ‘डोळ्यांवर अवलंबून न राहणारा’ असं लिहिता येईल का. चिखलाला ‘सागरतळाची माती’ म्हणता येईल का. काट्यांचा उल्लेख टाळता येईल का. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी दर सोमवारी विचारायला जायची आणि विभागप्रमुख दर सोमवारी म्हणायचे, “मॅडम, प्राणी काय पळून जाऊन राहिला काय?”

तो पळाला. एका सकाळी संशोधनपत्रिकेच्या नव्या अंकाची सूचना आली आणि पडद्यावर माझा प्राणी होता. तेच काटे, तीच मांडणी. परदेशातल्या दोघांना तो दुसऱ्या किनाऱ्यावर सापडला होता आणि त्यांनी वर्णन छापून नावही दिलं होतं. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले. दुःख नंतर झालं, आधी नुसता संताप होता. पोटचं पोर दवाखान्यातून दुसऱ्याने उचलून न्यावं आणि आपले लोक दारात बसून पाळण्याचा रंग ठरवत असावेत, तसं वाटलं.

त्याच आठवड्यात विभागप्रमुख पेढे घेऊन आले. समितीने एकमताने मंजुरी दिली होती. वरातीमागून घोडं आलं, तेही पेढे घेऊन.

“सर, बारसं झालं त्याचं. दुसऱ्यांनी केलं.”

“मग दुसरा शोधा ना मॅडम. समुद्र काय आटला काय?”

मी तो परका लेख जिवावर येत होतं तरी शेवटपर्यंत वाचला होता. त्यांना फक्त माद्या मिळाल्या होत्या. ‘नर अज्ञात’ असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. नर माझ्या कपाटात होते. निदान त्यांचं वर्णन तरी माझं होणार होतं. हे विभागप्रमुखांना सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

“बढिया! मग नराले देऊन टाकू अध्यक्षसाहेबांचं नाव!”

“नराले वेगळं नाव भेटत नाही सर. मादीले जे लागलं, तेच त्याले लावावं लागते.”

“म्हणजे बायकोचं नाव लावते तो?”

“हो सर.”

त्यांनी हातातला उरलेला पेढा डब्यात परत ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, “असं असेल तर हे समितीपुढं नका नेऊ. तुमचं तुम्हीच छापून टाका. माझंही नाव टाकू नका त्याच्यात.”

लेख छापून आला. त्यावर माझ्या एकटीचं नाव आहे, सासरच्या आडनावासकट. ते आडनाव मला लावताना मात्र उपसमिती नेमावी असं कोणालाच वाटलं नव्हतं.