मंडळीचं लेकरू

चर्चमध्ये पस्तीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. बायबलमधली वचनं विसरतात, किस्से राहतात! माझ्याकडचे बहुतेक पूजाचे. सात वर्षांची, अकोटकडची, माय वारलेली, बापाचा पत्ता नाही. तिचं कायमचं ठरेपर्यंत मी आणि माझे मिस्टर सॅम्युएल यांनी तिला अमरावतीच्या आमच्या घरी सांभाळायचं, असं सरकारी समितीने ठरवलं. याला फोस्टर फॅमिली म्हणतात. आम्हाला मूल नाही. कायमचं म्हणजे आमच्याचकडे, असं मी मनात धरूनच बसले होते.

*

फॉर्म भरताना क्लार्कने मान वर न करता विचारलं, "चर्च कोनतं?"

"चर्च कशाला?"

"तुमीच त म्हनता ना, पास्टर फॅमिली."

"फोस्टर, भाऊ! यांचं गॅरेज आहे."

त्याने सॅम्युएलकडे नीट पाहिलं. "मंग पोरगी काहून घेऊन राहिले? पास्टर असते त समजलं असतं!"

*

पहिल्या रविवारी पास्टरांनी तिला सगळ्यांपुढे उभं केलं. "हे लेकरू आता अख्ख्या मंडळीचं!" सगळे जोरात "आमेन" म्हणाले. त्याच आठवड्यात मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, तीन पोती जुने फ्रॉक पाठवले. सगळे तीन वर्षांच्या मापाचे.

पूजाने एक अंगाला लावून पाहिला. "आंटी, मी थोडी लहान होऊ का?"

*

संडे स्कूलच्या टीचरबाईंना नाव खटकलं. चर्चमध्ये 'पूजा' कसं चालेल? "तुला आपण ग्रेस म्हणू हं!"

"माह्यं नाव माह्या मायनं ठेवलं. तुमाले पायजे त तुमी तुमचं बदला!"

टीचरबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

*

जेवणाआधीची सॅम्युएलची प्रार्थना लांबलचक. एकदा मी हळूच डोळा उघडला, तर ही मटणाच्या भांड्याकडे टक लावून बसलेली. मी दटावलं, "डोळे मिट."

"सगळ्याईनं मिटले त मांजरीले कोन हाकलंन?"

तेव्हापासून आमच्याकडे प्रार्थना आटोपशीर झाली.

*

तिला कांजिण्या आल्या, पाठोपाठ मलाही. मंडळीचे फोनावर फोन. "आम्ही प्रार्थनेत आहोत, बहिणी!" दारात मात्र कुणी नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या वानखडे काकू खिचडीचं पातेलं घेऊन आल्या. त्या विहारात जाणाऱ्या, चर्चची पायरी कधी चढलेल्या नाहीत.

"तुमचे चर्चवाले कुठी गेले?"

"प्रार्थना करताहेत."

"करू द्या. मी तवरक भांडे घासून टाकतो."

*

दोन वर्षांनी अकोल्याचा मामा उगवला. इतके दिवस एक फोन नाही, आणि आता भाची हवी! मला तर त्याने सरळच सांगितलं, "घरी बारकं लेकरू हाय, त्याले धरायले कोनी पायजे ना." समितीने आम्हाला विचारलं, हरकत असेल तर लिहून द्या, चर्चचं पत्र असेल तर जोडा.

पास्टर म्हणाले, "पत्र नको, बहिणी. लोक म्हणतील, पोरगी बाटवायला ठेवून घेतली. आपण प्रार्थना करू."

सॅम्युएल घाबरले. मीही घाबरले. 'हरकत नाही' असं लिहून खाली सही केली. कुणी हात धरून करवली नाही, मी केली! अजून शरम वाटते.

*

तिला पोचवायला अकोल्याला आम्हीच गेलो. मामाच्या दारात तिने माझ्या हातातून बॅग घेतली.

"आंटी, तुमच्या घरी आता नवी पोरगी येऊन राहिली का?"

"नाही गं."

"माही खाट कोनाले देनार?"

"कुणालाच नाही."

तिने जरा विचार केला.

"मंग मले काहून पाठवून राहिले?"