आईने प्रिंटरची धार काढून बघितली

मंडळी, आज दौंडला प्रिंटर घ्यायला गेले होते. आई सोबत होती म्हणून निभावलं!

मी घरी शिकवणी घेते. रोज मुलांचे पेपर छापायचे असतात आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. मागच्या प्रिंटरने लिनक्सला शेवटपर्यंत ओळख दिली नाही. तो आता वरवंडला आमच्या ओट्यावर मोगऱ्याच्या कुंडीखाली आहे. त्यामुळे या वेळी धास्तीच होती.

दुकानदार म्हणाले, "लिनक्सवर चालंल का, सांगता येत न्हाई. आन् खोकं उघडलं की परत घेणार न्हाई."

पण आई कसली गप्प बसते! गाय घेताना ती स्वतः धार काढून बघते, मगच दावं हातात घेते.

"दादा, हा मांडून ठेवलेला हाय नव्हं? त्यालाच हिचा लॅपटॉप लावून बघू द्या की. आन् ह्याला खुराक किती लागतो?"

दुकानदार हसले. "मावशी, ह्यात बाटलीनं शाई भरायची. लई दिवस पुरती, स्वस्तबी पडती."

मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि केबल जोडली. वेगळं सॉफ्टवेअर काहीही टाकावं लागलं नाही. लॅपटॉपने प्रिंटर आपणहून ओळखला आणि पेपर स्वच्छ छापून बाहेर आला.

"दिलं बघ दूध!" आई म्हणाली.

आम्ही खोकं उचलून निघालो, तर मागे उभे असलेले एक गृहस्थ आईला म्हणाले, "मावशी, घाई नसंल तर थांबता का? मलाबी एक घ्यायचाय."

तुमच्या घरी आहे का हो असं कुणी, खरेदीला सोबत न्यावं असं?